नैराश्यरोधक औषधांमुळे होणारी केसगळती

नैराश्यरोधक औषधांमुळे होणारी केसगळती हा नैराश्य, चिंताविकार व तत्सम मानसिक आजारांवर दिल्या जाणाऱ्या औषधांचा एक विरळ दुष्परिणाम आहे. यात डोक्यावरील केस सर्व भागांतून कमी-अधिक सारख्या प्रमाणात गळतात. केसांची मुळे नष्ट होत नाहीत आणि टाळूवर व्रण राहत नाहीत. औषधाचे प्रमाण कमी केल्यास किंवा औषध बदलल्यास केस बहुतेक वेळा पुन्हा येतात. औषध सुरू केल्यानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी ही गळती लक्षात येते. नैराश्य ओसरू लागण्याचा काळही साधारणपणे हाच असल्यामुळे अनेक रुग्ण याच टप्प्यावर डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करतात. त्यामुळे दुष्परिणाम स्वतः निरुपद्रवी असला, तरी त्याचे वैद्यकीय महत्त्व मोठे मानले जाते.

केसांचे जीवनचक्र

माणसाच्या डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्रपणे तीन अवस्थांतून जाते. पहिली वाढीची अवस्था (अ‍ॅनाजेन) असून ती दोन ते सहा वर्षे टिकते. तिच्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था (कॅटाजेन) येते आणि शेवटी सुमारे तीन महिन्यांची विश्रांतीची अवस्था (टेलोजेन) येते. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळून पडतो व त्याच मुळातून नवा केस उगवतो. निरोगी व्यक्तीच्या डोक्यावर कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या व १० ते १५ टक्के केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. दररोज ५० ते १०० केस गळणे म्हणूनच स्वाभाविक समजले जाते.

एखाद्या धक्क्यामुळे वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीत गेले, तर ते लगेच गळत नाहीत. विश्रांतीचा काळ पूर्ण करून, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, ते एकत्रितपणे गळू लागतात. समजा, दहाऐवजी तीस टक्के केस या अवस्थेत गेले, तर सुमारे तीस हजार केस पुढील तीन-एक महिन्यांत पडतात. दिवसाचा हिशेब तीनशेच्या घरात जातो. उशीवर, फणीत आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या नावाने त्याचे वर्णन केले. नैराश्यरोधक औषधांमुळे होणारी गळती प्रामुख्याने याच प्रकारात मोडते.

अशा गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते. ती पाहून "केस मुळासकट निघाला" असा समज होतो आणि भीती वाढते. वस्तुतः ही गाठ म्हणजे विश्रांतीतील केसाचे वाळलेले टोक असते. केस निर्माण करणारे मूळ त्वचेच्या आत शाबूत राहते. पांढरी गाठ दिसणे हे केस परत येण्याच्या दृष्टीने उलट चांगले लक्षण होय.

नैराश्यरोधक औषधे

आधुनिक नैराश्यरोधकांचा इतिहास १९५० च्या दशकात सुरू होतो. क्षयरोगावर वापरल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते असे दिसून आले. स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनचा उपयोग प्रसिद्ध केला. इमिप्रामिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही या पिढीतील ट्रायसायक्लिक गटाची औषधे. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आणि मेंदूतील सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखणारा गट रूढ झाला. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन, फ्लुव्हॉक्झामिन ही त्यातील इतर परिचित नावे. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधे सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिनवरही काम करतात. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनवर परिणाम करत नाही. ते तंबाखूचे व्यसन सोडवण्यासाठीही दिले जाते.

भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात.

गळतीचे प्रमाण

केसगळतीची नोंद जवळजवळ प्रत्येक नैराश्यरोधकाच्या बाबतीत झालेली आहे, परंतु ती सर्वत्र विरळ आहे. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन व एस्सिटालोप्राम यांच्या युरोपातील अधिकृत माहितीपत्रकांत केसगळती "असामान्य" या वर्गात दिलेली आहे. या वर्गाचा अर्थ हजारात एक ते शंभरात एक रुग्ण असा होतो.

औषधा-औषधांतील तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या नोंदींवर आधारलेल्या या अभ्यासात नैराश्यरोधक नव्याने सुरू केलेल्या दहा लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्यात ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांमध्ये केसगळतीचा धोका सर्वाधिक आढळला. फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन यांचा धोका सर्वांत कमी, म्हणजे ब्युप्रोपिऑनच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. विम्याच्या नोंदीत तीच गळती येते जिच्यासाठी रुग्ण डॉक्टरांकडे गेला. घरी सोसलेली गळती तिथे दिसत नाही. त्यामुळे हे आकडे औषधांची आपसांत तुलना करण्यास उपयोगी आहेत, एकूण प्रमाण सांगण्यास तितके नाहीत.

मनोविकारांवरील सर्व औषधांचा विचार केला, तर केसगळतीबाबत नैराश्यरोधके बरीच मागे आहेत. द्विध्रुवी विकारात मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लिथियममुळे दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपैकी १२ ते १९ टक्के, तर व्हॅल्प्रोएटमुळे १२ टक्क्यांपर्यंत रुग्णांत केस गळतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत औषधाचे प्रमाण जितके जास्त तितकी गळती जास्त, असा संबंध दिसतो आणि नवे केस कधी कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येतात. हटवादी नैराश्यात नैराश्यरोधकाच्या जोडीला लिथियम देण्याची पद्धत आहे. अशा रुग्णाचे केस गळू लागल्यास संशय आधी लिथियमवर जायला हवा. लिथियममुळे थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावू शकते आणि मंद थायरॉइड हे केसगळतीचे स्वतंत्र कारण आहे. ते साध्या रक्तचाचणीत सापडते.

कारणमीमांसा

नैराश्यरोधकांमुळे केस का गळतात, याचे निर्णायक उत्तर उपलब्ध नाही. केसांच्या मुळांजवळ सेरोटोनिन व त्याचे ग्राहक आढळतात. त्यामुळे सेरोटोनिनच्या पातळीतील बदल वाढीच्या अवस्थेतील केसांना अकाली विश्रांतीत ढकलत असावा, अशी एक उपपत्ती आहे. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनवर काम करत नसूनही या यादीत वर आहे, यावरून ही उपपत्ती अपुरी असल्याचे दिसते.

कर्करोगावरील रासायनिक उपचारांत केस गळतात, ती यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे. तिथे वाढीच्या अवस्थेतील पेशींवरच आघात होतो आणि केस काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत झडतात. नैराश्याच्या गोळ्यांनी तसे टक्कल पडत नाही.

निदान

गळतीचे कारण औषधच आहे हे ठरवणे या विषयातील सर्वांत अवघड भाग आहे. रुग्ण साहजिकपणे गळती दिसली त्या आठवड्यात काय घडले ते आठवतो: नवा शाम्पू, बोअरचे पाणी, गावाला केलेला प्रवास. केसांच्या चक्रानुसार मात्र कारण त्या आठवड्यात नसून दोन-तीन महिने मागे असते. म्हणून निदानाची पहिली पायरी तारखांची मांडणी ही आहे. औषध कधी सुरू झाले, त्याचे प्रमाण कधी वाढवले, गळती कधी दिसली आणि औषध सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत शरीरावर कोणते आघात झाले, हे क्रमाने लिहून काढल्यास पुष्कळ वेळा उत्तर कागदावरच मिळते. गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत केस गळू लागले, तर त्याला ती गोळी कारण असण्याची शक्यता फारच कमी असते.

या मांडणीत नैराश्य स्वतःच एक संशयित ठरते. तीव्र नैराश्यात भूक मंदावते, वजन घटते, झोप मोडते आणि शरीरावर दीर्घ ताण राहतो. टेलोजेन एफ्लुव्हियम सुरू होण्यास यांतील प्रत्येक गोष्ट पुरेशी असते. आजार सर्वांत तीव्र असताना केस विश्रांतीत जातात. त्याच सुमारास रुग्ण डॉक्टरांकडे जातो आणि गोळ्या सुरू होतात. तीन महिन्यांनी केस गळतात, तेव्हा आजाराची तीव्रता विस्मरणात गेलेली असते व गोळ्या मात्र हातात असतात. अशा वेळी आजाराचा दोष औषधावर जातो. काही रुग्णांत स्वतःचे केस उपटण्याचा विकार (ट्रायकोटिलोमेनिया) असतो. त्यात तुटलेले, वेगवेगळ्या लांबीचे केस दिसतात.

महाराष्ट्रात या गणिताला आणखी काही घटक येऊन मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता केसगळतीला हातभार लावते, म्हणून औषधाला दोष देण्यापूर्वी हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासणे इष्ट ठरते. पावसाळ्यात व त्यानंतर येणाऱ्या डेंग्यू, चिकुनगुन्या, विषमज्वर यांसारख्या तापांनंतरही दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. भाद्रपदात येऊन गेलेल्या तापाची गळती दिवाळीनंतर दिसते आणि मधल्या काळात गोळ्या सुरू झाल्या असतील, तर गोंधळ होतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस हा याच प्रकाराचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना आहे. प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी औषध घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत दोन्ही कारणे एकाच वेळी उभी राहतात व त्यांना वेगळे करणे नेहमीच शक्य होत नाही.

तपासणीत डॉक्टर टाळू पाहतात आणि ४० ते ६० केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. त्यातील दहा टक्क्यांहून अधिक केस हातात आले, तर गळती सक्रिय समजली जाते. पुरुषांत कपाळाच्या कोपऱ्यांवरून व माथ्यावरून, तर स्त्रियांत भांग रुंद होत जाणारी आनुवंशिक विरळता वेगळी ओळखावी लागते. ती संथ असते आणि औषधामुळे झालेल्या गळतीने पूर्वी न दिसलेली ही विरळता एकदम उघडी पडू शकते. नाण्याच्या आकाराचे गुळगुळीत चट्टे पडत असतील, तर तो प्रकार चाईचा (अ‍ॅलोपेशिया एरिआटा) असतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

गळतीच्या वेगावरून कारणाचा अंदाज कसा येतो, याचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात पाहायला मिळाले. शेगाव तालुक्यातील बोंडगावसह अनेक गावांत डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. इतका वेग आणि एकाच परिसरातील इतकी माणसे, यांमुळे पाणी व अन्न यांकडे लक्ष वळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत शरीरातील सेलेनियमचे वाढलेले प्रमाण व त्याचा गव्हाशी असलेला संबंध पुढे आला. नैराश्यरोधकांची गळती याच्या अगदी उलट असते. ती एकट्या व्यक्तीत, उशिरा व सावकाश होते आणि पूर्ण टक्कल जवळजवळ कधीच पडत नाही. केस "मजबूत" करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये सेलेनियम असते, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

औषध व दुष्परिणाम यांचा संबंध किती पक्का, हे ठरवण्यासाठी नरांजो मोजपट्टी (१९८१) वापरली जाते. दहा प्रश्नांच्या उत्तरांना गुण देऊन नऊ व त्यावर "निश्चित", पाच ते आठ "संभाव्य", एक ते चार "शक्य" आणि त्याखाली "शंकास्पद" असा निष्कर्ष काढतात. औषध थांबवल्यावर लक्षण गेले का आणि पुन्हा दिल्यावर परत आले का, हे त्यांतील महत्त्वाचे प्रश्न होत. केसांच्या बाबतीत उत्तर मिळण्यास महिने लागतात. शिवाय केवळ खात्री करण्यासाठी औषध पुन्हा देऊन पाहणे कोणी सुचवत नाही. त्यामुळे बहुतेक प्रकरणे "शक्य" किंवा "संभाव्य" यांपलीकडे जात नाहीत.

औषध बंद करण्याचा प्रश्न

नैराश्यरोधकांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो व पूर्ण परिणामास सहा ते आठ आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने, अनेकदा नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण लवकर बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. केसगळती नेमकी या मधल्या काळात येते.

गोळ्या एकाएकी सोडल्यास चक्कर, मळमळ, निद्रानाश, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना अशी लक्षणे उद्भवू शकतात. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन या शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या औषधांबाबत ती अधिक आढळतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्यामुळे त्याच्याबाबत कमी आढळतात. याहून गंभीर धोका नैराश्य परतण्याचा व त्यासोबत आत्महत्येचे विचार येण्याचा असतो. गोळ्या एकदम सोडून केस लगेच थांबतात असेही नाही. जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत, ते औषध बंद केल्यावरही काही आठवडे ते दोन-तीन महिने गळतच राहतात. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून "गोळ्यांमुळे नव्हतेच" असा निष्कर्ष काढणेही त्यामुळे चुकीचे ठरते.

व्यवहारात मनोविकारतज्ज्ञापुढे तीन मार्ग असतात. गळती सौम्य असून आजार आटोक्यात असेल, तर औषध तसेच ठेवून वाट पाहिली जाते. काही रुग्णांत औषध चालू असतानाही गळती आपोआप थांबते. दुसरा मार्ग प्रमाण हळूहळू कमी करण्याचा, तर तिसरा एक औषध उतरवत दुसरे चढवण्याचा. औषध बदलताना दुसऱ्या गटातील पर्याय निवडण्याकडे कल असतो. एकाच गटातील एका औषधाने गळती झाली म्हणून दुसऱ्याने होईलच असे नाही. आजाराची तीव्रता, पूर्वीचे झटके आणि रुग्णाला केसांचे वाटणारे महत्त्व यांवर निवड अवलंबून असते. यांपैकी शेवटचा घटक डॉक्टर पुष्कळदा कमी लेखतात. "जीव वाचला ना, मग केसांचे काय" हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असले, तरी ते ऐकून रुग्ण पुढच्या वेळी येत नाही.

उपचार व पुनर्वाढ

कारण दूर झाल्यावर नवे केस साधारण तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतात. कपाळाच्या कडेने उभे राहणारे आखूड बारीक केस ही त्याची पहिली खूण. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे लांब वेणी असलेल्या स्त्रीला पूर्वीची जाडी दिसण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो, जरी मुळे केव्हाच पूर्ववत झालेली असली तरी. ही गोष्ट आधी सांगितली गेली नाही, तर "औषध बदलूनही काही उपयोग झाला नाही" अशी समजूत होते.

लोह, प्रथिने, थायरॉइड यांतील कमतरता आढळल्यास ती भरून काढणे हा मुख्य उपचार आहे. कमतरता नसताना घेतलेल्या जस्त, सेलेनियम किंवा बायोटिन यांच्या गोळ्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. बायोटिनचे अधिक प्रमाण काही प्रयोगशाळांतील थायरॉइडच्या चाचण्यांचे निकाल बिघडवते. केसगळतीचे कारण शोधण्यासाठी केलेली चाचणीच केसांच्या गोळीमुळे चुकू शकते, म्हणून रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून ती काही दिवस थांबवतात. टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल काही वेळा सुचवले जाते. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती तात्पुरती वाढू शकते. पुरुषी टकलेपणावर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या माहितीपत्रकांत नैराश्याची नोंद दुष्परिणाम म्हणून आहे. त्यामुळे नैराश्याच्या रुग्णाने त्वचारोगतज्ज्ञाला आपली चालू औषधे सांगणे अत्यावश्यक असते. मानसिक आजाराची गोष्ट लपवण्याच्या सवयीमुळे हेच नेमके राहून जाते.

घरगुती उपायांत कांद्याचा रस सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि लासलगावच्या बाजारपेठेमुळे कांद्याचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये तो सहज सुचवला जातो. त्याला आधार म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो २००२ साली प्रसिद्ध झालेला इराकमधील एक लहान अभ्यास आहे. तो चाईच्या रुग्णांवर झाला होता. औषधामुळे होणाऱ्या सार्वत्रिक गळतीला त्याचा निष्कर्ष लागू करता येत नाही. टेलोजेन एफ्लुव्हियम मुळातच आपोआप ओसरत असल्यामुळे तीन महिने नेमाने लावलेल्या कोणत्याही तेलाला वा रसाला यश मिळाल्यासारखे वाटते.

महाराष्ट्र व नाशिक

२०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. ज्या थोड्यांपर्यंत उपचार पोचतात, त्यांनी ते दुष्परिणामाच्या भीतीने सोडणे या पार्श्वभूमीवर विशेष नुकसानकारक ठरते.

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिकमध्ये तसे रुग्णालय नाही. येथील रुग्ण प्रामुख्याने जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभाग व खाजगी दवाखाने यांवर अवलंबून असतात. मात्र राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र नाशिकच आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय शहरात म्हसरूळ परिसरात असून आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या इत्यादी शाखांची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. केसगळतीचा रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे परत जाण्याऐवजी यांपैकी कोणत्याही शाखेच्या पदवीधराकडे जाण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे "मागील तीन-चार महिन्यांत कोणती गोळी सुरू झाली" हा प्रश्न विचारण्याची सवय सर्वच शाखांत उपयोगी आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार रुग्णाला व त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला प्रस्तावित उपचार व त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती, समजेल अशा भाषेत व स्वरूपात, मिळण्याचा हक्क आहे. टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.

सामाजिक बाजू

मराठी समाजात डोक्यावरील केसांना आरोग्याच्या पलीकडचे अर्थ आहेत. नाशिकच्या रामकुंडावर मुंडन केलेला माणूस दिसला, की घरात मृत्यू झाला असावा हे न विचारता कळते. लहान मुलाचे जावळ काढणे हा मंगल विधी आहे, तर सक्तीचे केशवपन ही ब्राह्मणादी जातींतील विधवांवर लादलेली शिक्षा होती. तिच्याविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस कापण्यास नकार दिला होता. स्त्रीचे विरळ केस पाहून आजही "काही झाले आहे का" असा प्रश्न येतो. नैराश्याचे निदान ज्यांनी नातेवाइकांपासून लपवले आहे, त्यांना हा प्रश्न गोळ्यांपर्यंत पोचवणारा वाटतो. विवाह ठरण्याच्या वयातील मुलींमध्ये औषध परस्पर सोडण्यामागे ही भीती मोठी असते.

दुष्परिणामांची नोंद

भारतातील औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवण्यासाठी भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. येथील नोंदी स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जातात. वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये त्यासाठी नोंदणी केंद्रे आहेत. तेथे जाणे शक्य नसल्यास रुग्ण किंवा नातेवाईक १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर स्वतः माहिती देऊ शकतात. सर्वसामान्यांसाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. नोंद करण्यासाठी औषधच कारण असल्याची खात्री असावी लागत नाही, संशय पुरेसा असतो. औषधाचे नाव व प्रमाण, सुरू केल्याची तारीख, गळती दिसल्याची तारीख आणि सोबत घेतलेली इतर औषधे, आयुर्वेदिक व वनौषधी धरून, एवढी माहिती लागते. केसगळतीसारखे जिवाला धोका नसलेले दुष्परिणाम क्वचितच नोंदवले जातात. भारतीय रुग्णांतील त्यांचे प्रमाण सांगताना परदेशी विम्याच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो, तो याच कारणाने.